वाचता येणे जन्माने मिळत नाही

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'निरनिराळ्या भाषा वाचायला आपला मेंदू कसा शिकतो' हा विषय आम्हाला दिलेला आहे. आम्ही कोणी मेंदूचे डॉक्टर नाही. संस्थेच्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांना घेऊन बसणारी आम्ही मंडळी आहोत. परंतु या कामात दोन वाक्ये आमच्या कानावर वारंवार येतात आणि त्या वाक्यांमुळेच आम्ही या विषयाकडे वळलो. एखादी आई मुलाला घेऊन येते आणि त्याच्यासमोरच म्हणते, "सर, याच्या डोक्यातच बसत नाही, हा ढच आहे." आणि एखाद्या आजींना वर्गात या म्हटले की त्या हसून म्हणतात, "आता या वयात अक्षर कुठलं डोक्यात शिरायला, बाळा?"

या दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. वाचता येणे हे जन्मतः डोक्यात असते किंवा नसते, अशी ती समजूत. ती खोटी आहे, आणि ती खोटी का हे समजून घेणे आपल्या समाजाला इतर कोणाहीपेक्षा अधिक गरजेचे आहे. आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. माणूस बोलायला लागून हजारो पिढ्या झाल्या. मूल घरात, अंगणात माणसांच्या बोलण्यात वाढले की बोलायला लागते, त्याला शाळेची गरज लागत नाही. लिहिण्याचे तसे नाही. मेसोपोटेमियात मातीच्या पाट्यांवर लिहायला सुरुवात झाली त्याला सुमारे ५,००० वर्षे झाली. आपल्या देशात आज निश्चितपणे वाचता येणारे सर्वांत महत्त्वाचे जुने लेख सम्राट अशोकाचे आहेत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातले. त्यांतल्या दोन लेखांचे तुकडे आपल्या महाराष्ट्रात, सोपारा येथे सापडले आहेत. ते ब्राह्मी लिपीत आहेत आणि आपली देवनागरी त्याच ब्राह्मीच्या वंशातली आहे.

शरीरात एखादा नवा अवयव वंशपरंपरेने तयार व्हायला ५,००० वर्षे अगदीच अपुरी आहेत. त्यातही या काळातला बहुतेक वेळ जगातली बहुतेक माणसे वाचतच नव्हती. तेव्हा 'वाचनाचा अवयव' घेऊन कोणी जन्माला येत नाही. तो राजाच्या पोटी येवो, पंडिताच्या येवो किंवा शेतमजुराच्या येवो, प्रत्येक मुलाच्या मेंदूत वाचनाची सोय नव्याने करावी लागते. ती शिकवण्याने आणि सरावाने होते.

ही सोय मेंदूत कुठे होते, याचा पहिला मोठा पुरावा फ्रान्समध्ये मिळाला. १८९२ साली देजेरीन नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. या गृहस्थांना मेंदूचा झटका आला आणि त्यानंतर त्यांना वाचता येईना. त्यांची नजर चांगली होती. समोरची वस्तू ते ओळखत आणि बोलतही नीट. इतकेच नव्हे तर त्यांना लिहिताही येत असे, मात्र स्वतःच लिहिलेले वाचता येत नसे. म्हणजे पाहणे, बोलणे, लिहिणे शाबूत आणि फक्त वाचन गेलेले. त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, मागच्या भागात इजा झालेली होती.

पुढे एम.आर.आय.सारखी यंत्रे आली आणि जिवंत माणसाचा मेंदू वाचताना कसा काम करतो हे पाहता येऊ लागले. फ्रान्सचे स्टानिस्लास देहेन आणि लॉरां कोहेन या शास्त्रज्ञांनी मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागे आणि खाली असलेला एक लहान भाग दाखवून दिला. वाचता येणाऱ्या माणसाने लिहिलेला शब्द पाहिला की हा भाग कामाला लागतो. इंग्रजी वाचणारा असो, चिनी वाचणारा असो किंवा देवनागरी वाचणारा असो, ही जागा जवळपास तीच असते. मग वाचायला शिकण्यापूर्वी हा भाग रिकामा असतो काय? नाही. चेहरे, वस्तू, आकार ओळखण्याच्या कामात तो असतोच. शिक्षण मिळाले की त्यातला काही भाग अक्षरांच्या कामी लागतो. निरक्षर माणसाचा मेंदू कमी प्रतीचा नसतो, त्याच्याकडून ते एक काम करवून घेतलेले नसते, इतकाच याचा अर्थ.

आता आजींच्या शंकेकडे येऊ. मोठ्या वयात हे घडते काय? २०१० साली देहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत १० जण निरक्षर होते, ३१ जण लहानपणी शाळेत गेलेले होते आणि २२ जण असे होते की ज्यांनी शाळा पाहिली नव्हती, पण मोठेपणी वाचायला शिकले होते. मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही लहानपणी शिकलेल्यांसारखेच बदल झालेले आढळले. त्यांचा वेग कमी होता, कारण सराव कमी होता. परंतु दार बंद झालेले नव्हते.

याहून आपल्या जवळची गोष्ट उत्तर प्रदेशातली आहे. लखनौच्या आसपासच्या खेड्यांतले हिंदी बोलणारे तीस प्रौढ, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २१ जणांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले आणि ९ जणांना शिकवले नाही. शिकवण्यापूर्वी आणि नंतर त्यांचे मेंदू तपासले. शिकलेल्यांच्या मेंदूत, डोळ्यांकडून आलेली माहिती पुढे पोहोचवणारी जी अगदी आतली केंद्रे असतात, त्यांचाही मेंदूच्या वरच्या भागाशी मेळ वाढलेला दिसला. ही तीच देवनागरी, जिच्यात आपण मराठी लिहितो. आपल्या ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठ ते नव्वद वर्षांच्या आजी पाटी घेऊन बसल्या. ज्या आजी 'आता कुठलं' म्हणतात त्यांना आम्ही हेच सांगतो.

एक गोष्ट मात्र खरी आहे. मेंदूतली जागा सगळीकडे जवळपास तीच असली, तरी प्रत्येक भाषेची लिपी निराळी कामे सांगते आणि ती शिकायला निराळा वेळ लागतो. हे आपल्या पालकांना माहीत नसते आणि म्हणून ते घाबरतात.

युरोपात एक मोठी तुलना झाली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. पहिलीच्या वर्षाअखेरीस मुले सोपे शब्द किती बरोबर वाचतात हे पाहिले. फिनलंडची मुले शंभरपैकी ९८ शब्द बरोबर वाचत होती. स्कॉटलंडची, इंग्रजी वाचणारी मुले शंभरपैकी ३४. स्कॉटलंडची मुले काय मंद होती? मुळीच नाही. फिनिश भाषेत एका अक्षराचा एकच उच्चार होतो. इंग्रजीत बी-यू-टी बट होते आणि पी-यू-टी पुट होते, हे आपण सगळेच लहानपणी आश्चर्याने शिकलो आहोत. ज्या मुलांच्या घरात इंग्रजीच बोलली जाते त्यांनाही पहिल्या वर्षी एवढी अडचण येते. मग ज्या मुलाच्या घरी इंग्रजीचा एक शब्द बोलला जात नाही ते इंग्रजी माध्यमात पहिलीला अडखळले, तर त्यात त्या मुलाचा दोष कोणता?

चीनकडे पाहा. तिथे एकेक चिन्ह एकेका अर्थाचे, आणि वर्तमानपत्र वाचायला सुमारे तीन हजार चिन्हे लागतात. तिथली मुले वर्षानुवर्षे ती चिन्हे हाताने गिरवतात. चिनी वाचताना मेंदूच्या पुढच्या भागातले, हालचालीच्या स्मरणाशी जवळचे असलेले एक क्षेत्रही जोरात काम करते, असे हाँगकाँगच्या संशोधकांना आढळले. जपानमध्ये तर एकाच वाक्यात दोन पद्धती असतात. चीनकडून घेतलेली कांजी चिन्हे आणि उच्चार दाखवणारी काना अक्षरे. मेंदूला इजा झाल्यावर कांजी वाचता येतात पण काना येत नाहीत, किंवा याच्या उलट, असे रुग्ण तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. म्हणजे एकाच माणसाच्या मेंदूत दोन प्रकारच्या लिपींच्या वाटा काही अंतर वेगळ्या जातात.

नजरेचेही तसेच आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, तो उड्या मारतो. एका सेकंदात साधारण चार उड्या होतात. प्रत्येक थांब्यावर डोळा ज्या दिशेने वाचायचे त्या बाजूची अधिक अक्षरे टिपतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्या इस्रायलमधल्या लोकांचा अभ्यास १९८१ साली झाला. हिब्रू वाचताना त्यांची नजर डावीकडचे जास्त टिपत होती आणि इंग्रजी वाचताना उजवीकडचे. डोळा तोच, माणूस तोच, पण सवय लिपीप्रमाणे बदललेली.

आता आपल्या देवनागरीचा विचार करू. आपली लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक आहे, त्यामुळे एकदा अक्षरे बसली की मूल अनोळखी शब्दही वाचते. हा मोठा फायदा आहे. परंतु अक्षरे बसायलाच वेळ लागतो. ३४ व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर ४०८ आकार झाले. जोडाक्षरे निराळीच. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांत फरक तो केवढा? डोक्यावरची रेघ एके ठिकाणी सलग आणि दुसऱ्या ठिकाणी तुटलेली, आणि एखादी गाठ. 'विहार' शब्दात पहिली वेलांटी 'व'च्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. 'धर्म' शब्दात 'र' उच्चारायचा 'म'च्या आधी, पण तो बसतो 'म'च्या डोक्यावर. 'प्रज्ञा'तला 'र' वेगळा आणि 'राष्ट्र'मधला त्याहून वेगळा. हिंदी वाचणाऱ्यांवरचा ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांचा २००२ सालचा अभ्यास सांगतो की पहिल्या वेलांटीच्या शब्दांवर वाचक अधिक अडखळतात. कन्नड लिपीची रचना आपल्या लिपीसारखीच आहे. कन्नड मुलांवरच्या सोनाली नाग यांच्या २००७ सालच्या अभ्यासात अक्षरांची पुरती ओळख व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो असे दिसले. हरियाणात मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे नंदिनी चॅटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की देवनागरी वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूबरोबर उजव्या बाजूचे काही भागही कामाला लागतात. अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे लावलेल्या मात्रा आणि वेलांट्या पाहण्याचे हे काम असावे.

तेव्हा दुसरीतले मूल जोडाक्षरावर अडखळले तर लगेच 'ढ' म्हणायचे काही कारण नाही. लिपीच तेवढा वेळ मागते.

आमच्या अभ्यासिकेत आम्हीही एक चूक पुष्कळ दिवस केली, ती इथे कबूल करतो. मुले वंदनेचे पुस्तक हातात घेऊन त्रिशरण, पंचशील खडाखडा म्हणत आणि आम्हाला वाटे की मुलांना वाचता येते. एके दिवशी आम्ही पानाच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, हा शब्द कोणता? काही मुलांना तो सांगता येईना. पाठांतर कानाने झाले होते, डोळ्यांनी नव्हे. पाठांतर वाईट नाही. भगवान बुद्धांची वचने भिक्खूसंघाने कित्येक पिढ्या मुखोद्गतच जपली. पण पाठांतर वेगळे आणि वाचन वेगळे, आणि मेंदूत त्यांचे काम वेगवेगळे चालते. तेव्हापासून आम्ही मुलांना मधल्या शब्दावर बोट ठेवून विचारतो.

दोन भाषांचा प्रश्न आता प्रत्येक घरात आहे. पालक विचारतात, आधी मराठी की आधी इंग्रजी? मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत आधी वाचायला शिकले तर त्याला वाचलेल्याचा अर्थ लगेच लागतो, आणि अर्थ लागला की वाचावेसे वाटते. अक्षरातून आवाज निघतो आणि आवाजातून अर्थ निघतो, हे मर्म एका भाषेत कळले की दुसऱ्या भाषेत ते पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही. युनेस्कोने १९५३ साली मातृभाषेतून शिक्षण सुरू करण्याची शिफारस केली ती याच विचाराने. आपण तर याहून मागे जाऊ शकतो. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस भाषेत घालण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मुभा दिली. हा आपला वारसा आहे. याचा अर्थ इंग्रजी नको असा नाही. इंग्रजी हवीच, भरपूर हवी. पण घरची भाषा, मग ती वऱ्हाडी असो की अहिराणी, हसण्यावारी नेऊ नये. मूल 'मला' हा छापील शब्द 'मले' असा वाचत असेल तर त्याने अक्षराचा अर्थ बरोबर लावला आहे. त्याला आधी शाबासकी द्यावी आणि मग छापील रूप दाखवावे.

मित्रहो, आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या वाडवडिलांना शेकडो वर्षे अक्षराला शिवू दिले नाही आणि मग त्यांनाच अडाणी म्हटले. बुद्धी वरच्या जातीत उपजत असते आणि खालच्या जातीत नसते, असे सांगितले गेले. दुःखाची गोष्ट अशी की ते ऐकून ऐकून आपल्यातल्याही काहींना खरे वाटू लागले. 'आपल्याला कुठे जमणार' हे वाक्य तिथूनच आले आहे. विज्ञान सांगते की वाचनाची सोय कोणाच्याच मेंदूत जन्मतः नसते. ज्याला शिकवले त्याच्या मेंदूत ती झाली आणि ज्याला दूर ठेवले त्याच्या मेंदूत ती झाली नाही. फरक दाराबाहेर ठेवण्यात होता, डोक्यात नव्हता.

याचा पुरावा आपल्या इतिहासातच आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या प्रयत्नांनी पुण्यात शाळा निघाल्या. त्या शाळेत मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी आली. ज्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या कोणी अक्षर गिरवले नव्हते त्या घरातली ही मुलगी सुमारे तीन वर्षे शिकली आणि १८५५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. अवघ्या तीन वर्षांत तिच्या मेंदूने ते काम करून दाखवले.

आणि बाबासाहेबांविषयी काय सांगावे? शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले गेले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायची लिपी. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने आत्मसात केले, जर्मन शिकले, पालीचा अभ्यास केला आणि पालीच्या कोशाचे काम हाती घेतले. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. ती श्रीलंकेत सिंहली लिपीत, म्यानमारमध्ये बर्मी लिपीत, थायलंडमध्ये थाई लिपीत आणि आपल्याकडे देवनागरीत छापली जाते. ज्याला एका दाराशी अडवले त्याने इतकी दारे उघडली.

शेवटी काही कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली. रोज पंधरा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि जवळ बसून ऐका. आईला वाचता येत नसेल तरी तिने जवळ बसावे. ऐकणारे कोणी असले की मूल वाचते.

दुसरी. अक्षरे हाताने गिरवून घ्या. अमेरिकेत वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांवर झालेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की हाताने काढलेले अक्षर पुन्हा पाहिले तर मेंदूतली वाचनाची केंद्रे जागी होतात, बटण दाबून उमटवलेल्या अक्षराने तशी होत नाहीत. आता लहान मुलांच्या हाती मोबाइल आला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तिसरी. पुरेसे शिकवूनही, पुरेसा वेळ देऊनही एखादे हुशार मूल वाचनात फार मागे राहत असेल तर त्याला डिस्लेक्सिया असू शकतो. इंग्लंड, फ्रान्स आणि इटलीतल्या अशा विद्यार्थ्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. इटालियन सरळ लिपी असल्याने तिथले विद्यार्थी कमी चुकत होते, पण मेंदूच्या डाव्या बाजूतला एकच भाग तिघांतही कमी काम करताना दिसला. हा आळस नाही आणि मूर्खपणाही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा मुलांना स्थान आहे. तपासणी करून घ्यावी आणि सवलतींचा लाभ घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

चौथी. मुलासमोर 'ढ' हा शब्द उच्चारू नका. बाराखडीत त्याची जागा आहे, तिथेच तो राहू द्या.

आमच्या अभ्यासिकेची जागा लहान आहे, पण संध्याकाळी सहा ते आठ ती सर्वांना उघडी आहे. मुलांनी यावे, आणि आजींनीही यावे. पाटी आम्ही देऊ.

नमो बुद्धाय. जय भीम.